प्रागचा पाथरवट पीटर पार्लर

युरोपचा इतिहास शिकतांना आमच्या विद्यार्थ्यांस राजे, सेनापति आणि धर्मगुरु यांचीं नांवें पुष्कळ पाठ करावीं लागतात. परंतु ज्या मंदिरांत त्या राजांस राज्याभिषेक झाला, ज्या पुलांवरून त्यांचीं सैन्यें गेलीं आणि ज्या दगडी कबरींत अखेर त्यांचे देह विसावले, तीं मंदिरें, ते पूल आणि त्या कबरी कोणाच्या हातून घडल्या हें पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांपडतें. ह्या नियमास एक ठळक अपवाद प्राग शहरीं आहे. हें शहर पूर्वीं बोहेमियाच्या राजांचें नगर होतें व आज तें चेक प्रजासत्ताकाची राजधानी आहे. तेथील संत व्हायटसच्या कॅथीड्रलमध्यें, म्हणजे आर्चबिशपच्या मुख्य मंदिरांत, जमिनीपासून पुष्कळ उंचीवर भिंतीच्या अंगानें जाणारी एक अरुंद वाट आहे. त्या वाटेवर २१ दगडी अर्धपुतळे बसविलेले आहेत. सम्राट चार्ल्स चवथा तेथें आहे; त्याच्या एकीमागून एक झालेल्या चार राण्या आहेत; त्याचे मातापितर, दोन बंधु, पुत्र व स्नुषा आहेत; तीन आर्चबिशप आहेत; आणि बांधकामाचा कारभार ज्यांनीं पाहिला ते पांच धर्माधिकारीही आहेत. येथवर १९ झाले. उरलेले दोघे पाथरवट आहेत. त्यांतील दुसरा पीटर पार्लर. त्याचें चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

पीटरचा जन्म १३३३ च्या आगेंमागें झाला. त्याचा बाप हाइनरिख हा दक्षिण जर्मनींतील श्वाबेन प्रांतांत ग्म्यूंड नांवाच्या शहरीं पवित्र क्रुसाच्या मंदिराचें काम पाहात असे. पार्लर हें आज आडनांव वाटतें, पण मुळांत तो हुद्दा होता. मोठ्या बांधकामावर मुख्य कारागिराच्या हाताखालीं एक मुकादम असे. मुख्य जें सांगेल तें समजून घेऊन शंभर हातांपर्यंत तें तोंडानें पोंचविणें हें त्याचें काम. म्हणून त्यास बोलणारा अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून पार्लियर म्हणत. बाप मुकादम होता, आणि मुकादमाचीं मुलें पुढें त्याच नांवानें ओळखलीं जाऊं लागलीं. ह्या एका कुटुंबांतील माणसें पुढें अनेक शहरांतील मोठमोठ्या बांधकामांवर गेलीं, आणि इतिहासकार आज त्यांस पार्लर घराणें म्हणतात.

ह्या मुलाचें शिक्षण कसें झालें असेल तें समजण्यासाठीं त्या काळच्या पाथरवटांचा कारखाना डोळ्यांपुढें आणला पाहिजे. मंदिराच्या भिंतीलगत लांकडी छपराची एक लांबलचक जागा उभारीत. खाणींतून आलेला दगड तेथें येऊन पडे. दगड दुरून गाड्यांनीं किंवा नावांनीं आणावयाचा म्हणजे वाहतुकीचाच खर्च डोईजड होई, म्हणून शक्य तेवढा नको असलेला भाग खाणीवरच उडवून टाकीत. कारखान्यांत पाथरवट बसून टाकी आणि हातोडा यांनीं तो घडवीत. हीं हत्यारें आमच्याकडील पाथरवटाच्या हत्यारांहून फारशीं निराळीं नव्हतीं. कोणत्या दगडास कोणता आकार द्यावयाचा हें मुख्य कारागीर ठरवी. तो लांकडी फळीचा साचा कापून देई, आणि पाथरवट तो साचा दगडावर ठेवून त्याच्या कडेनें रेघ मारी. मग दगड परांचीवर चढे. त्यासाठीं माणसांनीं आंत चालून फिरवावयाचें मोठें लांकडी चक्र असे. त्यास दोर गुंडाळला जाऊन ओझें वर येई. वर गवंडी ओळंबा लावून व चुना घालून तो दगड बसवीत. हिंवाळ्यांत थंडीनें चुना गोठूं लागला म्हणजे भिंतीचें काम बंद पडे. अर्धवट भिंती गवतानें झांकून ठेवीत आणि गवंड्यांस घरीं जावें लागे. पाथरवटांस मात्र छपराखालीं पुढील वर्षाचे दगड घडवितां येत. पण दिवस लहान, म्हणून पुष्कळ ठिकाणीं मजुरीही उन्हाळ्याहून कमी.

अशा माणसाची समाजांत योग्यता काय होती? एका शब्दांत उत्तर देतां येत नाहीं, कारण एकाच भिंतीवर अनेक पायऱ्यांचीं माणसें असत. चुना कालविणारा आणि टोपली वाहणारा मजूर सर्वांत खालीं. त्यांत स्त्रियाही असत. खाणकरी त्याच्या वर, मग गवंडी, मग दगड घडविणारा, मग मुकादम. आणि सर्वांवर तो एक, ज्याच्या हातांत गुण्या आणि कंपास. ह्या शेवटच्या माणसाचा मान इतका वाढूं लागला होता कीं कांहींना तो खुपूं लागला. १२६१ सालीं फ्रान्समधील निकोला द बिआर नांवाच्या एका उपदेशकानें प्रवचनांतून तक्रार केली कीं हे मुख्य पाथरवट हातमोजे घालून व काठी हातांत धरून उभे राहतात, येथें काप, तेथें काप एवढेंच दुसऱ्यास सांगतात, स्वतः कांहींच करीत नाहींत आणि मजुरी मात्र इतरांहून अधिक घेतात. उलट पॅरिसमध्यें १२६७ सालीं वारलेल्या प्येर द माँत्रई या कारागिराच्या थडग्यावर त्यास पाथरवटांचा पंडित म्हटलें होतें. विद्यापीठांतील आचार्यांस जी पदवी लावीत तीच तेथें लाविली होती. उपदेशकाचें म्हणणें अगदींच खोटें नसेल, पण आमचा कल थडग्याकडे आहे. तीस मीटर उंचीच्या दगडी छताचा भार कोठून कोठें उतरतो हें जो डोक्यांत धरून उभा असतो, तो कांहीं करीत नाहीं असें म्हणणें धाडसाचें आहे.

आतां प्रागकडे वळूं. १३४४ सालीं तेथील बिशपचें स्थान वाढून तें आर्चबिशपचें झालें, आणि त्याच वर्षाच्या २१ नोव्हेंबर रोजीं नव्या कॅथीड्रलची कोनशिला बसली. युवराज चार्ल्स हा फ्रेंच दरबारांत वाढलेला. त्याला फ्रान्ससारखें मंदिर हवें होतें. त्यानें आरास गांवचा मॅथियस हा कारागीर आव्हीन्योंहून आणविला. मॅथियसनें पूर्वेकडील देवळ्या आणि खालच्या भिंती उभारल्या, पण १३५२ सालीं तो वारला. चार्ल्स तेव्हां राजा झालेला होता आणि १३५५ सालीं रोम येथें त्यास सम्राटाचा मुकुट मिळाला. त्यानें १३४८ मध्यें विद्यापीठ स्थापिलें होतें, त्याच वर्षीं शहराचा एक नवा भाग वसविण्यास आरंभ केला होता. आणि त्याच्या सर्व वैभवाच्या मध्यभागीं जें मंदिर असावयाचें तें मात्र छतावांचून पडलें होतें. १३५६ सालीं त्यानें ग्म्यूंडहून पीटरला बोलाविलें. पीटरचें वय तेव्हां अवघें २३ वर्षांचें होतें. ह्या वयांत आजचा तरुण पदवी हातांत घेऊन नोकरीच्या शोधांत असतो!

दुसऱ्यानें आरंभिलेली भिंत पुढें नेणें हें नवी भिंत बांधण्याहून अवघड असतें. पाया, खांबांचीं अंतरें, देवळ्यांचा घेर, सर्व कांहीं ठरून गेलेलें. पीटरनें मॅथियसचें काम पाडलें नाहीं. परंतु तो जसजसा वर गेला तसतसा त्याचा हात मोकळा झाला. १३६२ च्या सुमारास त्यानें पवित्र वस्त्रें व पात्रें ठेवण्याची खोली पुरी केली. तिच्या छतांत कमानींच्या दगडी फासळ्या छतापासून सुटून हवेंतून खालीं येतात आणि त्यांच्या संगमाचा दगड अधांतरीं लोंबतो. तो पाहणाऱ्यास आतां पडेल असें वाटतें. साडेसहाशें वर्षें होऊन गेलीं, तो पडलेला नाहीं. १३६७ सालीं बोहेमियाचा रक्षक संत वेन्सेस्लास याच्या समाधीची देवळी अर्पण झाली. ही चौरस खोली बाहेरून जड आणि साधी. आंत मात्र खालच्या भिंतींवर रंगीत मौल्यवान दगडांचे घोटीव तुकडे जडवून भोंवतीं सोन्याचा मुलामा दिलेला. आणि सर्वांवर कळस म्हणजे मुख्य वेदीच्या बाजूचें छत, सुमारें ३३ मीटर उंचीचें. फ्रेंच रीतीप्रमाणें दर दोन खांबांच्या जोडीवर छताचा एक वेगळा चौकोन असतो व त्यावर दोन फासळ्या एकमेकींस छेदून जातात. पीटरनें फासळ्या समांतर जोड्यांनीं तिरप्या नेल्या, त्या चौकोनाची हद्द ओलांडून पुढल्या चौकोनांत गेल्या, आणि सबंध छत कोळ्याच्या जाळ्यासारखें एकसंध दिसूं लागलें. पुढील शंभर दीडशें वर्षें मध्य युरोपांतील कारागीर ह्या जाळ्याचेच नवे नवे प्रकार करीत राहिले. १३८५ सालीं हा भाग अर्पण झाला. आरंभ केला तेव्हां तेविशींत असलेला पीटर आतां पन्नाशी ओलांडून गेला होता.

हें सर्व भूमितीचें काम होतें, आणि तें बहुतांशीं पुस्तकावांचून चाले. जमिनीवरील नकाशांतून उंचीचीं मापें कशीं काढावीं ही युक्ति बाप मुलास आणि मुख्य शिष्यास शिकवी. १४५९ सालीं रेगेन्सबुर्ग येथें जर्मन मुलखांतील पाथरवटांचे प्रमुख जमले, तेव्हां ही युक्ति धंद्याबाहेरच्या कोणास शिकवूं नये असा नियमच त्यांनीं केला. त्यानंतर २७ वर्षांनीं त्याच शहरचा माथेउस रोरित्सर यानें मंदिराच्या दगडी सुळक्यांच्या मापांचें लहानसें पुस्तक छापून तें गुपित लोकांपुढें मांडलें. आमच्या वर्गांत भूमिति रुक्ष म्हणणारे कांहीं विद्यार्थी आहेत. जी विद्या एके काळीं शपथेआड झांकून ठेवीत ती त्यांस साध्या कंपासपेटींतून मिळते याचा त्यांनीं विचार करावा.

आम्हांस ह्या चरित्रांत सर्वांत अधिक मोलाची वाटणारी वस्तु दगडाची नसून कागदाची आहे. प्रागच्या ह्या बांधकामाचे १३७२ पासून १३७८ पर्यंतचे आठवड्याचे हिशेब शिल्लक राहिले आहेत. ते लॅटिन भाषेंत आहेत, आणि त्यांत पाथरवटांचीं नांवें लिहिलेलीं आहेत. पुष्कळांच्या नांवांस गांवाचें नांव जोडलेलें असून तीं गांवें दूरदूरचीं आहेत, कारण पाथरवट हा त्या काळीं नगरांत राहणारा असला तरी एका नगराचा नसे. काम सुरू झालें कीं येई, पैसा संपला कीं दुसऱ्या शहरची वाट धरी. मजुरास व गवंड्यास दिवसाचा रोज मिळे. दगड घडविणाऱ्यास नगावर पैसे मिळत. फासळीच्या दगडास एक दर, खिडकीच्या दगडास दुसरा. नाणें ग्रोशेन नांवाचें चांदीचें, कुटना होराच्या खाणींतील चांदीचें पाडलेलें. दगड कोणीं घडविला हें मोजणीच्या वेळीं कळावें म्हणून पाथरवट त्यावर आपली खूण कोरी. पुढें कोणी ती पाहावी असा त्याचा हेतु नव्हता. शनिवारीं मजुरी बरोबर मिळावी एवढाच होता. आज त्या खुणा भिंतींवर जागोजाग दिसतात. त्यांपैकीं कोणती खूण हिशेबांतील कोणत्या नांवाची, हें बहुधा सांगतां येत नाहीं.

ह्याच हिशेबांत १३७७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत अशी नोंद आहे कीं राजा ओटोकार पहिला याच्या कबरीवरील मूर्तीबद्दल पीटरास ९०० ग्रोशेन दिले. मुख्य कारागीर झाल्यावरही त्यानें टाकी खालीं ठेविली नव्हती याचा हा लेखी पुरावा आहे. हातमोज्यांची थट्टा करणाऱ्या उपदेशकास ही नोंद दाखवावयास हवी होती. मुलगा हातांत हत्यार धरूं लागला म्हणजे त्याचें शिक्षण फुकट गेलें असें ज्या पालकांस वाटतें त्यांसही ती दाखविण्याजोगी आहे.

पीटर श्रीमंत झाला. किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर ह्रादचानी नांवाची लहान नगरी होती. तेथें त्यानें घर घेतलें, तेथील नागरिकत्व मिळविलें आणि नगरसभेंत तो सभासद म्हणून बसला. परगांवच्या, परभाषेच्या कारागिरास हें सहज मिळत नसे. त्याची पहिली बायको गर्ट्रूड ही कोलोनच्या एका पाथरवटाची मुलगी. पाथरवटांच्या सोयरिकी अशा एका बांधकामावरून दुसऱ्यावर होत, आणि लग्नाबरोबर धंद्याच्या खुब्याही एका शहरांतून दुसऱ्या शहरांत जात. एल्ब नदीकांठच्या कोलिन गांवीं त्यानें १३६० मध्यें मंदिराच्या वेदीचा भाग आरंभिला. कुटना होराच्या खाणकऱ्यांनीं १३८८ सालीं संत बार्बरेचें मंदिर काढलें, त्यावरही पार्लर घराण्याचा हात ओळखतां येतो.

प्रागमधून जाणाऱ्या व्हल्टावा नदीवरील पुलाचें कामही त्यानें पाहिलें. तेथला पूर्वींचा दगडी पूल १३४२ च्या पुरानें मोडला होता. १३५७ सालीं नव्याचा आरंभ झाला. सोळा कमानींचा आणि पांचशें मीटरांहून लांब असा हा पूल पीटरच्या मरणानंतर, पंधराव्या शतकाच्या आरंभीं पुरा झाला. ह्याच्या चुन्यांत अंडीं घातलीं होतीं व त्यासाठीं गांवोगांवचीं अंडीं मागविलीं, तेव्हां एका गांवानें वाटेंत फुटूं नयेत म्हणून तीं उकडून पाठविलीं, अशी गोष्ट प्रागचे लोक हंसत हंसत सांगतात. गोष्ट खरी मानण्याचें कारण नाहीं, पण ती सांगितल्यावांचून आमच्या बालवाचकांनीं आम्हांस क्षमा केली नसती. पूल अद्याप उभा आहे; १८७० पासून त्यास चार्ल्सचें नांव आहे.

आतां त्या अर्धपुतळ्याकडे येऊं. पीटर दाढी राखलेला, थकल्यासारखा परंतु सावध दिसतो. छातीवर कोनांत वळलेल्या पट्टीची खूण आहे; ती पार्लर घराण्याची. म्हणजे इतर पाथरवट मजुरीसाठीं दगडावर जी खूण कोरीत, तशाच खुणेला येथें सरदारांच्या ढालीवरील चिन्हाचा मान मिळाला आहे. हे पुतळे १३७५ नंतरच्या दहा वर्षांत त्याच्याच कारखान्यांत घडले. सम्राटाच्या बांधकामांत सम्राटाच्या रांगेंत पाथरवटाचें तोंड कोरावयाचें, हें सम्राटाच्या किंवा त्याच्या धर्माधिकाऱ्यांच्या संमतीवांचून होणें शक्य नव्हतें. कोणाच्या मनांत ही कल्पना प्रथम आली असेल? चार्ल्स स्वतः लिहिणारा वाचणारा राजा होता. बांधकामाच्या कारभाऱ्यांपैकीं बेनेश हा इतिहासकार होता. काम कोणीं केलें हें लिहून ठेवण्याची किंमत त्या दोघांसही माहीत होती.

पुतळ्यावर रंगानें लेखही लिहिला होता. त्यांत पीटरच्या बापाचें नांव, गांव, वय, सम्राटानें त्यास आणल्याचें साल आणि त्याचीं मुख्य कामें दिलीं होतीं. आम्हीं वर जें सांगितलें त्यांतील पुष्कळसें ह्या लेखामुळेंच माहीत आहे. पण रंग पुसट होत गेला, मागाहून कोणीतरी तो पुन्हा गिरविला, आणि गिरवितांना पार्लरचें पहिलें अक्षर गळालें व कोलोनचें पोलोनिया झालें. परिणाम असा कीं कित्येक पंडित दीर्घकाळ ह्या गृहस्थास आर्लर म्हणत राहिले. दगडावर कोरलेलें तोंड राहिलें आणि रंगानें लिहिलेलें नांव चुकलें!

चार्ल्स १३७८ मध्यें वारला. त्याचा पुत्र वेन्सेस्लास चवथा याच्या अमदानींत राजा आणि आर्चबिशप यांचें वितुष्ट आलें, तरी १३९२ सालीं मंदिराच्या पश्चिमेकडील मोठ्या भागाची कोनशिला बसली. पीटर आतां म्हातारा झाला होता; त्याचे पुत्र वेन्झल आणि योहान काम पाहूं लागले. १३ जुलै १३९९ रोजीं पीटर वारला व त्याला त्याच मंदिरांत पुरलें. योहानही फार वर्षें जगला नाहीं. १४१९ सालीं बोहेमियांत धर्मयुद्ध पेटलें, आणि कारखाना उठला. पूर्वेचा अर्धा भाग पुरा, पश्चिमेस तात्पुरती भिंत, दक्षिणेस अर्धवट मनोरा, अशा स्थितींत तें मंदिर शतकानुशतकें उभें राहिलें. एकोणिसाव्या शतकांत लोकांनीं मंडळ स्थापून वर्गणी जमविली, पाथरवट पुन्हा बसले, आणि १९२९ सालीं पश्चिमेकडील भाग पुरा होऊन मंदिर अखेर पूर्ण झालें. कोनशिलेपासून ५८५ वर्षें झालीं होतीं.

मॅथियस आणि पीटर यांचे थडग्यांचे दगड आतां त्याच मंदिरांतील एका देवळींत आहेत. खालून जाणाऱ्या यात्रेकरूंस वरचे अर्धपुतळे नीट दिसत नाहींत. दुरून सम्राट कोणता आणि पाथरवट कोणता हें ओळखूं येत नाहीं.